ब्रूपब उघडताय? मग ग्लासापासून मागे मोजत या

छोटा ब्रूपब, म्हणजे स्वतःची बिअर तिथेच बनवून पाजणारी जागा, काढायचं मनात आलं की बहुतेकांची पहिली फेरी यंत्रं बनवणाऱ्याकडे होते. तिथे तांब्याच्या रंगाचं चकचकीत ब्रूहाउस (बिअर शिजवायची भांडी) दिसतं, रांगेत उभे असलेले स्टीलचे फर्मेंटर (आंबवायच्या टाक्या) दिसतात, आणि हजार लिटरचं घ्या, पुढे लागणारच आहे, असा सल्लाही फुकट मिळतो. मग त्या यंत्रांना पुरेल अशी जागा शोधायची, भाड्याचा आकडा ऐकून घाम पुसायचा, आणि इतकी बिअर पिणार कोण हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. हा क्रम उलटा केला तर निम्मी डोकेदुखी सुरूच होत नाही. ग्राहकाच्या हातातल्या ग्लासापासून सुरुवात करायची आणि मागे मागे जात टॅप (बिअरचा नळ), टाकी, ब्रूहाउस, वीज, पाणी, गटार हे सगळं त्या ग्लासाच्या हिशेबाने ठरवायचं.

ब्रूपब हा आधी खाण्यापिण्याचा धंदा आहे, मग बिअरचा कारखाना. स्वयंपाकघर ढिसाळ असेल तर उत्तम बिअरही जागा वाचवू शकत नाही. पण स्वयंपाकघर आणि वाढप यांवर सल्ला देणारे भरपूर भेटतात. त्यामुळे इथे मुख्यतः कारखान्याच्या बाजूबद्दल.

आधी खुर्च्या मोजा

एक उदाहरण घेऊन चालू. ६० खुर्च्यांची जागा आहे. आठवड्यातले पाच दिवस प्रत्येक खुर्चीवर सरासरी ०.६ माणूस बसतो, म्हणजे रोज ३६ ग्राहक. शेवटचे दोन दिवस प्रत्येक खुर्ची दोनदा भरते, म्हणजे रोज १२०. आठवड्याचे झाले ४२०. यातले ६० टक्के बिअर घेतात आणि सरासरी ७०० मिलिलिटर पितात असं धरलं, तर विक्री होते आठवड्याला १७६ लिटर. महिन्याला ७६० लिटरच्या आसपास.

हे आकडे गृहीत धरलेले आहेत. तुमचे वेगळे असतील. ते मिळवायचा मार्ग साधा आहे: जिथे जागा घेणार आहात त्या भागातल्या तशाच आकाराच्या दोन-तीन ठिकाणी वेगवेगळ्या वारी, वेगवेगळ्या वेळी जाऊन बसा आणि डोकी मोजा. कंटाळवाणं काम आहे, पण प्रकल्प अहवालातल्या कुठल्याही तक्त्यापेक्षा विश्वासाचं.

आता यात नासाडी मिळवा. उकळायच्या किटलीतून निघालेलं सगळं ग्लासात पोहोचत नाही. तळाशी बसलेला गाळ, यीस्ट, कडूपणा आणि वास देणाऱ्या हॉप्सच्या फुलांनी शोषून घेतलेला भाग, नळ्या धुताना जाणारी बिअर, टॅपवरचा फेस, चाखायला दिलेले छोटे ग्लास हे सगळं वजा होतं. चांगल्या हातातही १० ते १५ टक्के जातात, हॉप्सचा भरणा असलेल्या बिअरमध्ये आणखी. १५ टक्के धरले तर ७६० लिटर विकायला महिन्याला सुमारे ९०० लिटर तयार करावी लागेल.

आणि आता ते हजार लिटरचं ब्रूहाउस पुन्हा डोळ्यांसमोर आणा. महिन्यातून एकदासुद्धा पूर्ण चालणार नाही.

एक ब्रू, म्हणजे एका खेपेची बिअर, किती दिवस पुरेल?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. वरच्याच ६० खुर्च्यांच्या जागेत ५०० लिटरचं ब्रूहाउस घेतलं आणि चार प्रकारच्या बिअर ठेवल्या असं समजा. एका ब्रूमधून विकण्याजोगी निघते ४२५ लिटर. चारही प्रकार सारखे खपले तर प्रत्येकी आठवड्याला ४४ लिटर, म्हणजे एक ब्रू साडेनऊ आठवडे चालेल. पण सारखे कधीच खपत नाहीत. सगळ्यात लोकप्रिय बिअर निम्मी विक्री खेचते, आणि सगळ्यात मंद चालणारी जेमतेम दहावा हिस्सा. ती मंद बिअर संपायला चोवीस आठवडे लागतील. तोवर हॉप्सचा वास उडालेला असतो, गव्हाच्या बिअरचा ताजेपणा गेलेला असतो, आणि लोक जिच्यासाठी आले ती ताजी बिअर त्यांना मिळतच नाही.

म्हणून या आकाराच्या जागेला २५० लिटरचं ब्रूहाउस बरोबर बसतं. आठवड्याला एक ब्रू, महिन्याला साधारण ९०० ते १,००० लिटर.

याच्या उलट बाजूचा युक्तिवादही खरा आहे आणि तो ऐकून घ्यायला हवा. २५० लिटर बनवायला जितका वेळ जातो, जवळजवळ तितकाच ५०० लिटर बनवायला जातो: दळण, मॅशिंग (दळलेलं धान्य गरम पाण्यात भिजवणं), गाळण, उकळणं, थंड करणं, धुणं मिळून सात-आठ तास. मजुरीच्या हिशेबाने मोठं यंत्र स्वस्त पडतं. यावरची मधली वाट म्हणजे ब्रूहाउस २५० लिटरचं, पण एक-दोन फर्मेंटर ५०० लिटरचे. जी बिअर सगळ्यात जास्त खपते तिचे लागोपाठ दोन ब्रू एकाच मोठ्या टाकीत जातात. बाकीच्या छोट्या टाक्यांत. ब्रूहाउस लहान असल्याचा पश्चात्ताप झालेले लोक मला भेटले आहेत, पण त्यांचा धंदा चालू होता. मोठं घेऊन बसलेल्यांची गोष्ट वेगळी असते. हप्ता बिअर खपायची वाट बघत नाही.

टाक्यांची संख्या काढायला एकच गुणाकार पुरतो: आठवड्याला किती ब्रू, गुणिले एक ब्रू सरासरी किती आठवडे टाकी अडवतो. एल प्रकारच्या, म्हणजे लवकर आंबणाऱ्या बिअरला आंबवणं, मुरणं, थंड करणं आणि टाकी धुणं धरून तीन आठवडे लागतात. थंडाव्यात हळू आंबणाऱ्या लागरला सहा आठवडे धरा, काहींना त्याहून जास्त. चारपैकी एक ब्रू लागरचा असेल तर सरासरी पावणेचार आठवडे येते, म्हणजे आठवड्याला एक ब्रू असेल तर किमान चार फर्मेंटर. पाचवा असावा, कारण एखादं आंबवण रेंगाळतं, एखादा व्हॉल्व्ह गळतो. लागर चवीला कितीही आवडत असली तरी ती टाकी दुप्पट काळ अडवते, आणि हे भाडं ग्लासाच्या किमतीत दिसायला हवं.

तयार बिअर ठेवायची कशात? सर्व्हिंग टाकीतून थेट टॅपला जोडणं सुटसुटीत वाटतं आणि केग (बिअरची पिंपं) धुण्याचं काम वाचतं. मंद चालणारी बिअर मात्र टाकी अडवून बसते. जोरात खपणाऱ्या दोन बिअर टाकीतून आणि बाकीच्या २० किंवा ३० लिटरच्या केगमधून, अशी विभागणी छोट्या जागेत जास्त सोयीची.

भाडेकरारावर सही करण्याआधी

बहुतेक देशांत ब्रूपबला दोन वेगवेगळ्या प्रकारच्या परवानग्या लागतात, एक मद्य बनवण्याची आणि एक ते ग्राहकाला पाजण्याची. त्याशिवाय अग्निशमन, अन्नसुरक्षा, सांडपाणी, बॉयलर असेल तर त्याची तपासणी. अडचण अशी की बऱ्याच ठिकाणी जागा तुमच्या नावावर असल्याशिवाय अर्जच घेतला जात नाही, आणि अर्ज मंजूर होईपर्यंत भाडं चालू राहतं. त्यामुळे करारात दोन गोष्टी लिहून घ्या: परवाना मिळेपर्यंत भाडं माफ किंवा निम्मं, आणि परवाना नाकारला गेला तर दंडाशिवाय बाहेर पडण्याची मुभा. जागामालक सुरुवातीला नाही म्हणतो. रिकामी जागा बरेच दिवस पडून असेल तर मान्य करतो.

कर कशावर आकारला जातो हेही आधीच समजून घ्या. काही ठिकाणी तो बनवलेल्या लिटरवर असतो, काही ठिकाणी विकलेल्या, काही ठिकाणी अल्कोहोलच्या प्रमाणावर. बनवलेल्यावर असेल तर नाल्यात गेलेल्या प्रत्येक लिटरचाही कर भरावा लागू शकतो. म्हणून बिघडलेला ब्रू ओतून देण्याआधी संबंधित अधिकाऱ्याला कळवण्याची पद्धत काय आहे ते विचारून ठेवा. टाकीवर पातळी दाखवणारी नळी आणि रोजची नोंदवही पहिल्या दिवसापासून हवी.

जागा बघायला जाताना टेप घेऊन जा. टाकी दारातून आत जाईल का, वळणावर वळेल का, उभी केल्यावर वर झाकण उघडायला आणि पाईप जोडायला जागा उरते का. भिंत आधी बांधली आणि टाक्या नंतर आल्या, म्हणून ती भिंत पुन्हा फोडावी लागल्याचं या धंद्यात वारंवार घडतं. वरच्या मजल्यावरची जागा असेल तर माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याची, २५ किलोची पोती रोज कोण चढवणार याचाही विचार करा. आणि ५०० लिटरची टाकी भरली की स्टीलसकट पाऊण टनाच्या आसपास जाते, तेही तीन-चार बारीक पायांवर. स्लॅबला हा भार पेलतो का, हे बांधकाम अभियंत्याकडून लेखी घ्या.

जमीन: इथे कंजूषी नको

टाकी बदलता येते, चिलर बदलता येतो. चालू ब्रूपबची जमीन बदलायची म्हणजे दुकान बंद करावं लागतं. ब्रूहाउसच्या जमिनीवर काय काय पडतं ते बघा: ८० अंशांचं पाणी, कॉस्टिक सोडा, आम्ल, साखरेचा पाक, आणि वरून लोखंडी चाकांची ट्रॉली. साध्या फरशीचे सांधे यात काही महिन्यांत उखडतात आणि त्या फटींत जंतू घर करतात. साधं इपॉक्सीही गरम-थंडाच्या धक्क्यांनी सुटायला लागतं. पॉलियुरेथेन सिमेंटचा थर हे सगळं जास्त चांगलं सोसतो.

उतार दर मीटरला १५ ते २० मिलिमीटर हवा, आणि तो गटाराच्या जाळीकडेच हवा. कंत्राटदार उतार दिला म्हणून सांगतो; पैसे देण्याआधी चार बादल्या पाणी ओतून बघा. कुठे डबकं राहिलं तर तिथे पुढची कित्येक वर्षं रोज वायपर मारावा लागेल. जाळी टाक्यांच्या बरोबर खाली नको, समोर हवी. टाकीखालची जाळी साफ करायला माणूस पोटावर झोपावा लागतो, आणि मग ती साफ होत नाही.

पाणी, वीज, थंडावा

एक लिटर बिअरमागे छोट्या ब्रूपबमध्ये सात ते दहा लिटर पाणी सहज जातं, बेफिकीर असाल तर त्याहून जास्त. त्यातलं बरंचसं धुण्यात. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर कार्बन फिल्टर अनिवार्य समजा, कारण क्लोरीन माल्टमधल्या घटकांशी मिळून औषधी, जखमेच्या पट्टीसारखा वास आणतं आणि तो नंतर कशानेही जात नाही. पाणी फार जड असेल तर आरओ बसवून नंतर कॅल्शियमचे क्षार मोजून घालावे लागतात. मॅशचा पीएच (आम्लतेचं माप) ५.२ ते ५.६ मध्ये ठेवणं हे त्यामागचं मुख्य कारण. हे पीएचचं मोजमापच मुळी बिअरच्या प्रयोगशाळेत जन्मलं: १९०९ साली सोरेन सोरेनसन यांनी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत ते मांडलं. तेव्हा पीएच मीटर ही चैन आहे असं कोणी म्हणालं तर मनावर घेऊ नका.

विजेचा हिशेब आधी करा, कारण वाढीव भार मंजूर व्हायला वेळ लागतो. २८० लिटर वर्ट (आंबवण्याआधीचा गोड रस) ७० अंशांवरून उकळीला अर्ध्या तासात आणायचं तर सुमारे २० किलोवॉट लागतात. सोबत गरम पाण्याची टाकी तापत असेल तर ३० च्या पुढे. त्यात स्वयंपाकघर, शीतगृह, वातानुकूलन मिळवा. छोट्या प्रमाणात विजेवर तापवणं सोपं आणि सुरक्षित पडतं. मोठ्या प्रमाणात वाफ बरी, पण बॉयलरचे नियम आणि तपासण्या सोबत येतात.

थंडाव्यात लोक जास्त फसतात. २५० लिटर वर्ट ९५ अंशांवरून २० अंशांवर आणायचं म्हणजे सुमारे २२ किलोवॉट-तास उष्णता पाऊण तासाच्या आत बाहेर काढायची. एवढ्या ताकदीचा चिलर घ्यायला गेलात तर बजेट कोसळेल, आणि तो उरलेला सगळा आठवडा झोपून राहील. त्याऐवजी आदल्या रात्री एका टाकीत पाणी दोन-तीन अंशांपर्यंत थंड करून ठेवायचं. रात्रभर वेळ असल्यामुळे दोन-तीन किलोवॉटचा चिलर ते करतो. ब्रूच्या दिवशी हे पाणी प्लेट हीट एक्स्चेंजरमधून (पातळ पत्र्यांतून एका द्रवाची उष्णता दुसऱ्याला देणारं यंत्र) जातं, वर्ट थंड होतं, आणि पलीकडून ६५-७५ अंशांचं गरम पाणी मिळतं. ते धुवायला किंवा पुढच्या मॅशला वापरायचं. ज्या गावात नळाचं पाणीच कोमट येतं तिथे ही टाकी नसेल तर वर्ट २० अंशांपर्यंत येणारच नाही. यंत्र पुरवणाऱ्याच्या कोटेशनमध्ये ती टाकी नसते, मागून घ्यावी लागते.

उकळताना निघणाऱ्या वाफेला बाहेर जायची वाट हवी. तासाभरात वीस-बावीस लिटर पाणी वाफ होऊन उडतं आणि त्यासोबत शिजलेल्या धान्याचा गोडसर वास. काहींना तो आवडतो, वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना रोज आवडेलच असं नाही. चिमणी उंच न्या किंवा वाफ थंड करून पाणी करणारा कंडेन्सर बसवा.

चोथा आणि सांडपाणी

२५० लिटरच्या एका ब्रूला ४५ ते ५० किलो माल्ट लागतं आणि मागे ५० ते ६० किलो ओला चोथा उरतो. गरम हवेत तो दुसऱ्या दिवशी आंबट वास मारायला लागतो. गुरांच्या खाद्यासाठी नेणारा माणूस आधी ठरवा, त्याचा फोन उचलला गेला नाही तर दुसरा कोण तेही ठरवा, आणि झाकणाचे डबे ठेवा. ब्रूच्या दिवसाचं वेळापत्रक त्याच्या येण्याच्या वेळेवर बसवावं लागतं, त्याचं तुमच्यावर नाही.

सांडपाण्याचं गांभीर्य फार उशिरा लक्षात येतं. टाकीच्या तळचं यीस्ट आणि उरलेली बिअर हे गटारासाठी फार जड अन्न असतं. ते कुजवायला पाण्यातला प्राणवायू प्रचंड प्रमाणात खर्च होतो. शिवाय एक दिवस कॉस्टिक, दुसऱ्या दिवशी आम्ल, असा पीएच झोके घेत असतो. किमान एक समतोल टाकी ठेवा, जिथे सगळं मिसळून, पीएच तपासून, मग हळूहळू सोडता येईल. यीस्टचा गाळ शक्यतो गटारात न सोडता चोथ्यात मिसळून पाठवता येतो, पण घेणाऱ्याला सांगून, आणि जिवंत यीस्ट आधी गरम करून मारून.

ब्रूअरचं खरं काम

ब्रूअर म्हणजे पाककृती रचणारा कलावंत अशी समजूत घेऊन येणारे तरुण पहिल्या महिन्यात दमतात. दिवसाचा निम्म्याहून जास्त वेळ धुण्यात जातो. म्हणून मुलाखतीत आवडती बिअर कोणती हे विचारण्याऐवजी टाकी कशी धुतोस ते विचारा आणि सविस्तर ऐका.

उत्तर साधारण असं यायला हवं. आधी कोमट पाण्याने खंगाळणं. मग दीड ते दोन टक्के कॉस्टिकचं ७० ते ८० अंशांचं द्रावण स्प्रे बॉलमधून फिरवणं. मग पाणी. ठरावीक काळाने आम्ल, कारण टाकीच्या भिंतीवर बसणारा कॅल्शियम ऑक्झॅलेटचा पांढरट थर कॉस्टिकने निघत नाही. आणि वापरण्याच्या तोंडावर पेरॲसेटिक आम्लाचं पातळ द्रावण जंतू मारायला. हात घालून पुसून दिसेल ते स्वच्छ, पण गॅस्केट, सॅम्पल व्हॉल्व्ह आणि नळीच्या टोकांत काय आहे ते दिसत नाही. व्हॉल्व्ह उघडून सुटे करून धुतो म्हणणारा माणूस ठेवून घ्या.

इथे धोक्याचं दोन शब्दांत नाही, नीट सांगायला हवं.

नुकत्याच रिकाम्या झालेल्या टाकीत कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो. त्यात कॉस्टिक फवारलं की ते हा वायू शोषून घेतं. कॉस्टिकची ताकद तर जातेच, पण टाकीत पोकळी तयार होते आणि बाहेरच्या हवेच्या दाबाने स्टीलची टाकी डबा चेपावा तशी आत दबते. गरम द्रावणानंतर लगेच थंड पाणी फवारलं तरी तेच. म्हणून आधी टाकी हवेने मोकळी करा, वरचं झाकण किंवा मोठा व्हॉल्व्ह उघडा ठेवा, आणि टाकीला दाब सोडणारा व्हॉल्व्ह असतो तसाच पोकळी तोडणारा व्हॉल्व्हही आहे ना ते खरेदीच्या वेळीच बघा.

तोच वायू माणसालाही मारतो. एक लिटर वर्ट आंबताना सुमारे २० लिटर कार्बन डायऑक्साइड सुटतो, म्हणजे २५० लिटरच्या ब्रूमधून ५,००० लिटर. तो हवेपेक्षा जड, रंगहीन, आणि तळघरात किंवा बंद शीतगृहात साचतो. आठ तासांच्या कामासाठी सर्वसाधारण मर्यादा हवेत ०.५ टक्के धरली जाते. आंबवणीच्या खोलीत आणि केगच्या शीतगृहात जमिनीपासून फूट-दीड फुटावर अलार्म असलेलं मापक लावा. फर्मेंटरचा वायू नळीने इमारतीबाहेर काढा. टाकीत काही पडलं म्हणून कोणी डोकं आत घालायचं नाही, उतरायचं तर अजिबात नाही. आत बेशुद्ध पडलेल्याला वाचवायला गेलेला दुसरा माणूसही जातो.

कॉस्टिक हाताळताना चष्मा आणि लांब हातमोजे, आणि डोळे धुवायची सोय दोन पावलांवर. आम्ल आणि क्लोरीनयुक्त क्लीनर एका कपाटात ठेवूच नका; मिसळले तर क्लोरीन वायू सुटतो. माल्ट दळण्याची जागा वेगळी ठेवा, कारण धान्याची धूळ पेट घेते आणि त्याच धुळीतले जंतू बिअर आंबट करतात.

पाककृती आणि प्रत्येक ब्रूची नोंद लिखित असली पाहिजे आणि ती ब्रूपबच्या मालकीची असल्याचं नेमणूकपत्रात असलं पाहिजे. ब्रूअर सोडून गेला की त्याच्या डोक्यातली बिअरही जाते. मदतनीस पहिल्यापासून ठेवा, ब्रूअर आजारी पडल्यावर नव्हे.

जुनी यंत्रं घ्यावीत का?

घ्यावीत, पण पाण्याने भरून, दाब देऊन, टाकीभोवतीचं थंडाव्याचं जॅकेट गळत नाही हे डोळ्यांनी बघून. दुधाच्या जुन्या टाक्या स्वस्त मिळतात. त्या दाबासाठी बनलेल्या नसतात, हे विसरू नका. जोडण्या एकाच पद्धतीच्या असू द्या. निम्म्या ट्राय-क्लॅम्प आणि निम्म्या डिन पद्धतीच्या झाल्या की रोज अ‍ॅडॉप्टर शोधण्यात तास जातो.

पहिले ब्रू आणि उघडण्याची तारीख

यंत्रं बसली की पहिला ब्रू फक्त पाण्याचा. पाणी तापवा, फिरवा, उकळा, थंड करा, गळती शोधा, थर्मामीटर बरोबर दाखवतो का तपासा. त्याआधी नव्या स्टीलवरचं तेल कॉस्टिकने काढून आम्लाने पॅसिव्हेशन (स्टीलवर गंज रोखणारा थर आणणं) करा, नाहीतर वेल्डच्या कडांवर गंज दिसायला लागेल.

मग खरा ब्रू. नव्या यंत्रावर माल्टमधून किती साखर निघेल ते पहिल्या दोन-तीन ब्रूनंतरच कळतं. घरी २० लिटरवर जमलेली पाककृती दहा-बारा पटीने गुणून चालत नाही. मोठ्या किटलीत वर्ट जास्त वेळ गरम राहतं, त्यामुळे उशिरा घातलेले हॉप्सही कडूपणा देतात. मॅशचं तापमान ६३-६४ अंशांकडे ठेवलं तर बिअर कोरडी, ६८ कडे ठेवलं तर भरीव. नव्या यंत्राचा थर्मामीटर दोन अंशांनी चुकला तर तुम्ही वेगळीच बिअर बनवत असता. पहिल्या ब्रूसाठी गडद रंगाची, भरपूर माल्टची एल निवडा. तिच्यात छोटे दोष झाकले जातात. फिकट लागरमध्ये लपायला जागाच नसते.

बिअर तयार झाली हे कॅलेंडर बघून ठरवू नका. घनता सलग तीन दिवस तीच यायला हवी, आणि लोण्यासारखा वास नाही याची खात्री व्हायला हवी. तो तपासायची सोपी रीत आहे: थोडी बिअर झाकलेल्या ग्लासात ६० अंशांवर अर्धा तास ठेवा, थंड करा, आणि न तापवलेल्या नमुन्याशेजारी ठेवून वास घ्या. गरम केलेल्यात लोणी जाणवलं तर टाकी आणखी दोन दिवस तशीच राहू द्या. त्याआधी थंड केलीत तर यीस्ट झोपेल आणि तो वास ग्राहकाच्या ग्लासात जाईल.

यीस्ट पुन्हा वापरता येतं आणि वापरावंही, पाच ते दहा पिढ्या. मात्र सूक्ष्मदर्शक आणि मिथिलीन ब्लू हवं: मेलेल्या पेशी निळ्या दिसतात, जिवंत रंगहीन. ही तपासणी दहा मिनिटांची आहे.

उद्घाटनाची तारीख विकण्याजोगी बिअर टाकीत असल्याशिवाय जाहीर करू नका. परवाना येईल, कंत्राटदार संपवेल, बिअर मुरेल अशा तीन भविष्यकाळांवर छापलेलं निमंत्रण हमखास बदलावं लागतं. उघडताना तीन किंवा चार बिअर पुरे. एक फिकट आणि सोपी, जी बिअर फारशी न पिणाराही मागवेल, एक गडद, एक हॉप्सची. पहिल्या आठवड्यांत कुतूहलाने गर्दी होते आणि साठा संपतो, म्हणून परवान्यात मुभा असेल तर बाहेरच्या एक-दोन बिअर हाताशी ठेवा. मद्य न घेणाऱ्यांसाठी तितक्याच काळजीने बनवलेलं पेय ठेवा. चौघांच्या टोळक्यात एक जण न पिणारा असतो आणि कुठे जायचं ते बऱ्याचदा तोच ठरवतो.

टॅपपर्यंतचा शेवटचा टप्पा

महिनाभर जपलेली बिअर शेवटच्या वीस मीटरमध्ये बिघडते. टाकी आणि टॅप शक्य तितके जवळ ठेवा. १० मिलिमीटर आतल्या व्यासाच्या नळीत दर मीटरला सुमारे ७८ मिलिलिटर बिअर असते. वीस मीटर म्हणजे दीड लिटरच्या वर. आठ टॅप असतील आणि दर दोन आठवड्यांनी नळ्या धुतल्या, तर वर्षाला सव्वातीनशे लिटर बिअर केवळ नळ्या रिकाम्या करण्यात जाते. धुणं टाळून ती वाचवायची नाही. नळी आखूड आणि बारीक करून वाचवायची. दर दोन आठवड्यांनी कॉस्टिक, तीन महिन्यांतून एकदा आम्ल, आणि टॅप सुटे करून घासणं, याला पर्याय नाही.

फेस फार येतोय अशी तक्रार आली की पहिली शंका दाबावर घेतली जाते. बहुधा दोष तापमानाचा असतो: टाकी तीन अंशांवर आणि नळी मधेच उबदार भिंतीतून गेलेली. तीन अंशांवर साधारण कार्बोनेशन (विरघळलेला वायू) असलेल्या बिअरला ०.८ बारच्या आसपास दाब समतोल राखतो. तो कमी केलात तर वायू बिअरमधून नळीतच सुटतो आणि फेस आणखी वाढतो. ग्लास स्वच्छ आहे का ते बघायला बिअर ओतून आतल्या बाजूला बुडबुडे चिकटतात का पाहा. चिकटले तर ग्लासावर तेलकटपणा आहे. बिअरचे ग्लास ताटल्यांसोबत धुऊ नयेत ते यासाठी.

पैसा आणि पहिलं वर्ष

माल्ट, हॉप्स आणि यीस्ट यांचा खर्च ग्लासाच्या किमतीत फार छोटा असतो. स्वस्त माल्ट शोधून वाचवलेल्या पैशाने काही फरक पडत नाही, बिअरला मात्र पडतो. खरा खर्च भाडं, पगार, हप्ता, वीज आणि कर यांचा. उभारणीच्या अंदाजावर २० ते २५ टक्के जास्तीचे धरा आणि किमान सहा महिन्यांचं खेळतं भांडवल वेगळं ठेवा. त्याला इंटिरिअरवाल्याचा हात लागू देऊ नका. भिंतीवरचा लाकडी मुलामा आणखी वर्षभर थांबू शकतो.

दर आठवड्याला तीन आकडे बघायचे: किती लिटर बनली, किती लिटर बिलात दिसते, आणि प्रत्येक बिअर किती दिवस टॅपवर आहे. पहिल्या दोघांतला फरक १५ टक्क्यांच्या पुढे गेला तर गळती शोधा. ती नळीत असेल, फेसात असेल किंवा काउंटरवरच्या दोस्तीत. तिसरा आकडा सहा आठवड्यांच्या पुढे गेलेली बिअर पुढच्या वेळी निम्म्या प्रमाणात बनवा, किंवा बनवूच नका, ती तुमची स्वतःची आवडती असली तरी.

नवा फर्मेंटर घ्यायची घाई विक्री वाढली म्हणून करू नका. लोकप्रिय बिअर महिन्यात दोनदा संपायला लागली आणि सगळ्या टाक्या सतत भरलेल्या असल्या तरच घ्या. त्याची तयारी मात्र उभारणीतच होते. गटाराची जाळी एक टाकी पुढेपर्यंत न्या, टाक्या थंड ठेवणाऱ्या ग्लायकॉल द्रवाच्या पाईपला दोन जास्तीचे फाटे काढून व्हॉल्व्ह बंद करून ठेवा, आणि कंट्रोल पॅनलमध्ये एक जागा रिकामी सोडा.